पुस्तकातला दहावा हिस्सा आणि आपले उसाचे बिल



गेल्या अंकात बेणेप्रक्रियेविषयी लिहिले होते. या अंकात खोडव्याची निगा हा विषय घ्यायचा होता. पण मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की विषय बदलावा लागला. खोडव्याचे पुढच्या अंकात पाहू.

ऊस नोंदीचे दिवस होते. रिसोड तालुक्यातल्या आपल्या एका सभासदाचा मुलगा गट कार्यालयात आला. बी. ए. झालेला, आता घरची शेती पाहतो. सातबाऱ्याची झेरॉक्स काढताना त्याच्या पिशवीतून एक पुस्तक बाहेर आले. श्रीमंत कसे व्हावे, पैसा कसा राखावा, अशा धाटणीचे. अशी पुस्तके हल्ली बसस्थानकावरच्या स्टॉलवर मराठीत मिळतात. एक पान दुमडून ठेवले होते. ते उघडून तो म्हणाला, "सायेब, याच्यात लिवलं हाये का कमाईतला दहावा हिस्सा पयले बाजूला काढून ठेवा, मंग खर्च करा. आमचं बिल तं वर्षातून एकडाव येते, अन् सोसायटी पयलेच कापून घेते. मंग दहावा हिस्सा मी कायचा काढू?"

मला पटकन उत्तर आले नाही. बचत ही केलीच पाहिजे, असे काहीतरी अधिकाऱ्याच्या तोंडी शोभणारे बोललो. तो हसला, नोंदीवर सही केली आणि निघून गेला. त्याचे हसणे मला लागले. कारण प्रश्न बरोबर होता आणि मी दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हते.

आता शेतीचे पुस्तक आपण कसे वाचतो ते आधी पाहू. तीन-चार वर्षांमागची गोष्ट. पैनगंगेकाठच्या एका सभासदाने पश्चिम महाराष्ट्रात छापलेली, ट्रेमध्ये एक डोळा पद्धतीने रोपे करण्याची पुस्तिका वाचली. हिशेब त्यांनी पक्का केला. पाच फुटांची सरी, दोन रोपांत दोन फूट, म्हणजे एका रोपाला दहा चौरस फूट जागा. एकराचे ४३,५६० चौरस फूट, म्हणून रोपे ४,३५६. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लावायच्या तर एकरी दहा हजार लागतात. बेण्याची केवढी बचत! पुस्तिकेत सुरू लागणीचे दिले होते, म्हणून त्यांनी जानेवारीच्या अखेरीस ट्रे भरले. रोपे तयार झाली फेब्रुवारी संपताना, शेतात गेली मार्चमध्ये. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला. तिसरा हिस्सा रोपे उन्हात गेली.

पुस्तिका खोटी नव्हती. ती जिथे लिहिली तिथे मार्च-एप्रिलमध्ये कॅनॉलला पाणी होते. आपल्याकडे विहीर होती. पुढच्या वर्षी त्याच गृहस्थांनी ट्रे सप्टेंबरात भरले, लागण ऑक्टोबरात केली आणि तीही फक्त अर्ध्या एकरावर. उन्हाळा येईतो उसाने मुळे धरली होती. पद्धत पुस्तकाची, तारीख आपल्या विहिरीची. आज त्या भागात पाच-सहा जण स्वतःची रोपे स्वतः करतात. ट्रे कुठे मिळतात, कोकोपीट किती ओले ठेवायचे, हे ते आता मलाच सांगतात.

शेतीच्या पुस्तकाला आपण असा प्रश्न विचारतो, की बाबा, तू कोणत्या जमिनीवर लिहिला गेलास? पैशाच्या पुस्तकाला मात्र विचारत नाही. त्या मुलाने तो विचारला होता.

दहावा हिस्सा बाजूला काढा हा सल्ला ज्या पुस्तकामुळे जगभर गेला ते 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन'. अमेरिकेतल्या जॉर्ज क्लेसनचे, १९२६ सालचे. गोष्टी जुन्या बॅबिलॉन शहराच्या आहेत, पण त्या आधी निघाल्या छोट्या पुस्तिकांच्या रूपाने, आणि बँका व विमा कंपन्या त्या पुस्तिका आपल्या गिऱ्हाइकांना वाटत. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाचणारा नोकरदार, पगार ठरलेल्या दिवशी येणारा, आणि वाटणाऱ्याला त्याची ठेव हवी होती. सल्ला वाईट नाही. पण तो पगाराच्या जमिनीवर पिकलेला आहे. १९९७ साली आलेल्या 'रिच डॅड पुअर डॅड'चेही तसेच. नोकरी करणाऱ्याने मालमत्ता कशी उभी करावी हे ते सांगते. आपल्याकडे उलटे आहे. मालमत्ता, म्हणजे जमीन, वाडवडिलांपासून आहे. पगार तेवढा नाही.

याच्याही मागे जाऊ. 'सेल्फ हेल्प' हे नावच ज्याच्या १८५९ च्या पुस्तकाने रूढ केले त्या सॅम्युअल स्माइल्सने पुढे 'थ्रिफ्ट' म्हणजे काटकसर या नावाचे पुस्तक लिहिले. ते विलायतेत निघाले १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे आणि वह्या ओढून काढल्या आणि जाळल्या. ते लोण मग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेले. तिकडे कामगाराला सांगत होते, काटकसर कर. इकडे कुणब्याच्या अंगावर लंगोटीपलीकडे काटकसर करायला काही उरलेच नव्हते. त्याचे दुखणे वेगळे होते. किती घेतले, किती फेडले, किती राहिले, हे सगळे सावकाराच्या वहीत होते आणि ती वही त्याला वाचता येत नव्हती. म्हणून त्याने वही जाळली.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. आपले वाशिम तेव्हा वऱ्हाडात होते आणि जिल्ह्याचे ठाणेही होते. ते १९०५ साली गेले आणि परत मिळायला १९९८ साल उजाडले, पण तो विषय निराळा. त्या कायद्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, आणि शेतकऱ्याला पावती व खात्याचा उतारा मिळावा अशी तरतूद झाली. चार वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याचा रोख हाच आहे की अक्षर न येणारा शेतकरी दुसऱ्याच्या लेखणीने नाडला जातो. आणि शेवटी त्यात उपायही आहेत : बंधारे, ताली, खत, जनावरांची पैदास, पिकांची प्रदर्शने. आपल्या भाषेतले शेतकऱ्यासाठीचे पहिले खरे उपयोगी पुस्तक कोणते असे मला विचारले तर मी हेच नाव घेईन. नंतर आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा आले. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस, पण लग्नासाठी, तेराव्यासाठी कर्ज काढू नका हे त्यांनी कीर्तनातून जेवढ्या लोकांच्या गळी उतरवले तेवढे कोणत्या पुस्तकाने उतरवले नसेल.

तर वही आपल्या हातात हवी. मी त्या मुलाला चिटबॉयकडून निरोप धाडला की वर्षभराचा खर्च जेवढा आठवेल तेवढा एका वहीत लिहून आण. तो आला. या वेळी बरोबर वडीलही होते. त्यांच्या परवानगीने तो हिशेब इथे देतो. आकडे गोळाबेरीज केले आहेत.

ऊस दोन एकर, टनेज ७०. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. आपला उतारा आणि तोडणी-वाहतूक धरून सोयीसाठी टनाला २,६०० रुपये पदरात पडतात असे मानू. बिल झाले १,८२,००० रुपये. त्यातून सोसायटीने पीककर्जाचे ९०,००० कापले. हाती आले ९२,०००. खर्च असा : नांगरट आणि सरी १४,०००, बेणे १८,०००, खते ३०,०००, निंदण-खुरपण व बांधणी २६,०००, वीज आणि ठिबकची दुरुस्ती १२,०००, किरकोळ ६,०००. एकूण १,०६,०००.

मुलाने वहीत खाली लिहिले होते : ९२,००० वजा १,०६,०००, तोटा १४,०००. आणि तोंड उतरवून बसला होता.

सभासद बंधूंनो, ही चूक निम्म्या घरांत होते, म्हणून जरा सावकाश पाहा. सोसायटीने कापलेले ९०,००० गेले कुठे होते? खतात, बेण्यात, मजुरीतच गेले होते. म्हणजे खर्चाच्या १,०६,००० पैकी ९०,००० सोसायटीचे आणि १६,००० घरचे. कर्जफेड एकदा वजा केली आणि तोच खर्च पुन्हा वजा केला, तर एकाच पोत्याचे पैसे दोनदा दिल्यासारखे होते. बरोबर हिशेब असा : बिल १,८२,०००, खर्च १,०६,०००, शिल्लक ७६,०००. पडताळा घ्यायचा तर हाती आलेल्या ९२,००० मधून घरचे घातलेले १६,००० काढा. तेच ७६,००० येतात. (घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा आणखी खाली येईल, पण एका दिवसात एवढेच पुरे.) पीककर्जाचे व्याजही धरले नाही, कारण ३ लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते जवळजवळ उरत नाही. मुदत चुकली की मात्र सवलत जाते.

आता ऊस लागणीपासून बिल हाती येईपर्यंत तेरा महिने गेले होते. ७६,००० ला १३ ने भागा. ५,८४६ रुपये. हा त्या घराचा उसाचा महिन्याचा पगार. मी एवढे म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "म्हंजे आमाले बी पगार हाये." हाये, पण तो वर्षातून एकदा येतो आणि मोठ्या रकमेच्या सोंगात येतो. म्हणून ट्रॅक्टरचे शोरूम, सराफ आणि पाहुणे त्याच आठवड्यात आठवतात.

दहावा हिस्सा काढायचा तो या ७६,००० चा. १,८२,००० चा नव्हे आणि हाती आलेल्या ९२,००० चाही नव्हे. झाले ७,६००. बाकीचेही बिल आल्याच दिवशी वेगळे करावे : पुढच्या पिकासाठी घरून घालायचे ते एका बाजूला, आणि घरखर्चाचे दुसऱ्या बाजूला, तेही महिन्याला एकदाच काढायचे. त्या मुलाच्या आईने सुचवले म्हणे की बाजाराच्या आदल्या दिवशी काढावे. हे मला सुचले नसते.

बिलाच्या तारखेविषयी एक. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे, असा नियम आहे. हप्त्यांचा अनुभव सभासदांना आहेच, मी कारखान्याचा नोकर असून त्यावर जास्त काय लिहू? पण वहीत रकमेपुढे तारीख लिहा. तारीख नसेल तर तेराने भागायचे की सोळाने, हेच कळत नाही.

दहावा हिस्सा निघाला तर ठेवायचा कुठे? इथे माझे स्वतःचे सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मीही अशी पुस्तके झपाट्याने वाचत होतो. पैशाने पैसा वाढवा, पैशाला कामाला लावा, अशा वाक्यांखाली लाल पेन्सिलीने रेघा ओढत होतो. एका कंपनीचा मेळावा शेजारच्या शहरात एका मंगल कार्यालयात झाला. बोलणाराही तीच वाक्ये बोलत होता. २५ महिन्यांत पैसे दुप्पट. माझ्याजवळ विहिरीच्या मोटारीसाठी साठवलेले पन्नास हजार होते. सौभाग्यवती त्या वेळी गावच्या महिला बचत गटाची वही लिहीत असे. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये. तिने एकच विचारले, "ते लोक आपल्या पैशाचा धंदा कोणता करणार?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी चिडलो आणि पैसे भरले. चौदाव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप होते. गटाची वही आजही आमच्या घरी आहे. त्यात एक रुपयाची खाडाखोड नाही.

माझ्याच पुस्तकांपैकी एकात ७२ चा नियम दिला होता. मी त्यावर रेघही ओढली होती, वापरला मात्र नाही. नियम सोपा आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागले की चक्रवाढीने पैसे किती काळात दुप्पट होतील ते अंदाजे कळते. किसान विकास पत्राला २०२३ साली ७.५ टक्के दर ठरला. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, आणि पोस्टाने मुदत सांगितली ११५ महिने. जुळले. आता उलटे करा. २५ महिन्यांत दुप्पट, तर ७२ भागिले २५, महिन्याला जवळजवळ शेकडा तीन. म्हणजे गावचा सावकार ज्या दराने घेतो त्या दराने ही कंपनी मला देणार होती! असा कोणता धंदा आहे की जो सावकाराचा दर देऊन वर नफा करील? हे एका ओळीचे गणित मी त्या मंगल कार्यालयात खिशातल्या बसच्या तिकिटामागे करू शकलो असतो.

म्हणून कोणी दुप्पट म्हटले की आधी भागाकार. ठेव ठेवताना आणखी एक विचारा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, फेब्रुवारी २०२० पासून माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही, पण अर्धा टक्का जास्त व्याज कशाबद्दल मिळते ते माहीत असावे.

हा भागाकार मी त्या बाप-लेकासमोर केला तेव्हा वडील इतका वेळ गप्प होते. शेकडा तीन हा शब्द ऐकून म्हणाले, "सायेब, पोरीचं लगन वैशाखात धरलं हाये. दोन लाख शेकडा तीननंच भेटून रायले."

मी काही बोललो नाही. मुलानेच वही पुढे ओढली. दोन लाखांना महिन्याला शेकडा तीन, ६,००० रुपये. तो आकडा त्याने ५,८४६ च्या खाली लिहिला. वडिलांना चष्म्याशिवाय दिसत नव्हते. त्यांनी विचारले, "मोठा कोनता?"

"खालचा."

दोन एकर ऊस वर्षभर उभा राहील तो नुसत्या व्याजासाठी, आणि तरी महिन्याला दीडशे रुपये कमी पडतील. मुद्दल जिथल्या तिथे. व्याज थकले आणि मुद्दलात मिळवले तर ७२ भागिले ३६, दोन वर्षांत चार लाख. मी त्यांना एवढेच सांगितले की २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जासाठी वर्षाला १२ टक्के आणि तारणावर ९ टक्के दर ठरवला गेला. ३६ टक्के घेणारा बहुधा परवान्यावाचूनच घेतो, आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. तक्रारीचे ऐकून त्यांनी मान हलवली. गावात राहायचे असते, हे मलाही कळते. सामूहिक विवाहाचे सुचवले, तेही त्यांना रुचले नाही. थोरलीचे दारात झाले, धाकटीचे का नाही, असे म्हणाले. यावर मी काय बोलणार?

वहीचे कोरे पान, म्हणजे खर्च, तारीख, घरचे किती, सोसायटीचे किती, असे रकाने आखलेले, सर्व गट कार्यालयांत ठेवायला सांगितले आहे. बिल निघण्याआधी घेऊन जा. आपल्या गावच्या वाचनालयात पैशाची पुस्तके असतील तर तीही आणा आणि चार-पाच जणांनी मिळून वाचा. एक जण वाचील, दुसरा आपल्या आकड्यांवर करून पाहील. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची कृषी संवादिनी मात्र एकट्याने वाचली तरी चालते.

गेल्या आठवड्यात नोंदीचा प्लॉट पाहायला त्यांच्या शेतावर गेलो होतो. लग्न वैशाखातच आहे. पाहुण्यांची यादी कमी झाली आहे, मानपानाविषयी व्याह्यांशी बोलणे चालू आहे, ते काय म्हणतात ते अजून कळलेले नाही. कर्जाचा आकडा दोन लाखांवरून साठ हजारांवर आला आहे, आणि तो कुठून घ्यायचा याचा विचार अजून व्हायचा आहे. बांधावर बाभळीच्या सावलीत वडील बसले होते, वही मुलाच्या मांडीवर होती.

"मांडववाल्याचं झालं," ते म्हणत होते, "आता वाजंत्र्याचं लिव्ह."